बोटभर पदवी

तीनदा नापास झालेल्या नाइराची वकिलीची परीक्षा चार दिवसांवर आली होती. ला पाझ शहरातल्या जत्रेत दुपारी बाराच्या ठोक्याला हव्या त्या वस्तूचं खेळणं विकत घेऊन त्याला धूप दाखवला, की वर्षभरात ती वस्तू खरोखर पदरात पडते, अशी तिथली श्रद्धा. आज ती जत्रा होती, म्हणून आई सकाळपासून मागे लागली होती.

"बोटभर पदवी घे आणि दाखव धूप. तुझं काय जातंय?"

"आई, पदवी अभ्यासाने मिळते, टपरीवर नाही. पोमा सर तीन वर्षं घसा कोरडा करतायत, स्वतःवर विश्वास ठेव आणि राब, ते काय उगाच?"

तरी जिवाला चैन पडेना. एक कलम काही केल्या डोक्यात बसत नव्हतं, म्हणून ती सरांचं घर गाठायला निघाली. वाटेत जत्रा लागली, बाराचे ठोके पडले आणि धुरात डोळे चोळत उभे असलेले पोमा सरच दिसले. त्यांच्या तळहातावर बोटभर पदवी होती आणि तिच्यावर नाव होतं नाइराचं.

"सर, तुम्हीसुद्धा? माझ्या मेहनतीवर विश्वास नाही तुमचा?"



"तुझ्या मेहनतीवर आहे गं," सर खाली बघत म्हणाले, "माझ्या शिकवण्यावर नाही."