त्रिकोणाचं टोक

चहा बशीत सांडला आणि बशीतून लेंग्यावर. हरिचंद्राचं लक्षच नव्हतं. तो भिंतीकडे बघत होता.

भिंतीवर आलेखाचा कागद डकवलेला होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो नकाशे काढायचा, त्यामुळे रेघ मारावी तर हरिचंद्रानंच. सिमेंटच्या एका शेअरचा भाव तो रोज वर्तमानपत्रातून उतरवायचा आणि टिंबाला टिंब जोडायचा. कागदाला कागद चिकटवत गेला, तसा आलेख खिडकीपासून सरकत सरकत देवघरापर्यंत आला. वाटेत लागलेलं कॅलेंडरही त्याच्याखाली गेलं.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला. "वरची रेघ खाली येतेय, खालची वर चढतेय. त्रिकोण झाला. आज टोक. भाव कोंडलाय, सरस्वती. आता उसळणारच."

"वरच उसळतो का?"

"मागच्या दोन्ही वेळी वरच."

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. भगवान चाळीतलाच, उल्हासनगरला शेअरचं काम करणाऱ्या टेकचंद सेठकडे कामाला. हरिचंद्रानं ट्रंकेतून कापडी पिशवी काढली. तिच्यात बदलापूरच्या खोलीचे पैसे होते. ती खोली सरस्वतीनं पसंत केलेली. मागे देऊळ, ओट्यावर बसलं तरी कीर्तन ऐकू येईल अशी. पैसे आठवडाभर फिरवून आणायचे आणि मग एकाच्या जागी दोन खोल्या घ्यायच्या, असं त्यानं ठरवलं होतं.

त्याला पिशवीची गाठ बसेना.

सरस्वती सांडलेला चहा पुसत होती. फडकं तसंच हातात धरून ती म्हणाली, "अहो, आज एकादशी."

हरिचंद्र उंबऱ्यात थांबला. पहिला शेअर घेतला तेव्हा सप्ताहात, बुवांसमोर, गळ्यातल्या माळेला हात लावून तो बोलला होता. एकादशीला बाजाराचं नाव काढणार नाही.

"आज? नक्की?"

"घरात तिथी मी बघते का तुम्ही?"

त्याची मान खाली गेली. माळकऱ्यानं एकादशी विचारावी! पण हल्ली त्याच्या दिवसांना तिथी उरल्या नव्हत्या. बाजार उघडा असलेला दिवस आणि बंद असलेला दिवस, एवढंच त्याला कळत होतं.

"हरिभाऊ, शेअर बाजाराला काय एकादशी कळते?" भगवान स्कूटरवरूनच ओरडला. "बसा मागे. पाप लागलं तर माझ्या नावावर टाका."

"उद्या येतो रे."

"उद्या भाव आभाळात असेल. मग बसा घरात भगर खात!"

स्कूटर गेली. आणि खरोखरच दुपारी ताटात भगर आली.

"साबुदाणा नाही?"

"भिजवायचा राहिला," सरस्वती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

कारखान्यात रजा टाकलेली. करायला काही नाही. तो बसला, उठला, खिडकीपासून देवघरापर्यंत आलेखाच्या कडेकडेनं चालत राहिला. पेन्सिल कानावर ठेवली, मग काढून फळीवर टाकली, मग फळीवरून कपाटावर. बुवा कीर्तनात हसत हसत सांगायचे, टाळाचा मोठेपणा हाच, की तो दोन्ही हात गुंतवून ठेवतो. हरिचंद्रानं खुंटीवरचे टाळ काढले. अभंग धरला. हात गुंतले, पण नजर त्रिकोणाच्या टोकावरून हलेना. दुसऱ्या चरणानंतर तिसरा आठवेना. आता भाव वर गेला असेल. आता आणखी वर. भगवान पेढे घेत असेल.

उन्हं कलली तसा त्याला राग यायला लागला. बुवांचा, माळेचा, शेवटी देवाचाच. देवघरापुढे उभा राहून तो पुटपुटला, "एकच दिवस रे! एकादशी एक दिवस पुढे असती, तर तुझं काय बिघडलं असतं?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

दिवेलागणीला भगवान आला. हॉर्न न वाजवता. पायरीवर बसला.

"काय झालं रे?"

"रेघ तुटली, हरिभाऊ."

"वरची?"

"खालची." भगवाननं तोंडावरून हात फिरवला. "धडाधड खाली. विकायला उभे राहिलो, तर घ्यायला माणूस नाही. माझे सगळे गेले. सेठ कुणाशी बोलत नाही, नुसता बसलाय." सरस्वतीनं आणलेलं पाणी तो गटागटा प्यायला. "तुम्ही नशीबवान. सुटलात."

तो गेला. हरिचंद्रानं पिशवी देवापुढे ठेवली आणि तिथंच डोकं टेकलं. उठला तेव्हा डोळे भरून आले होते.

"सरस्वती! ऐकलंस? खोली वाचली! त्याच्याशी भांडलो मी दिवसभर, आणि त्यानं बघ, एकादशी बरोबर आडवी घातली!"

मोरीत पाण्याचा आवाज येत होता. तो आत गेला. सरस्वती पातेल्यात साबुदाणा धूत होती.

"हे काय? आता भिजवतेस? दिवस संपला की."

तिनं पाणी निथळलं. पातेल्यावर ताटली ठेवली. पदराला हात पुसले, पण मान वर केली नाही.

"उद्याला लागेल."

"उद्या काय?"

"एकादशी."