मुलाखत क्रमांक चौदा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभाग सांभाळणाऱ्या काकांना एका नवख्या विद्यार्थिनीने रडकुंडीला येऊन विचारलं, "काका, चारशे पानांचा प्रबंध वाचायचा तरी कसा?"

"पहिल्या पानापासून वाचायचाच नाही," काका हसले. "आधी सारांश, मग निष्कर्ष. आणि खरं काय ते हवं असेल, तर शेवटचं परिशिष्ट. तिथे माणसं स्वतः बोलतात."

दाखवायला म्हणून त्यांनी तिच्याच विषयावरचा, विवाहित स्त्रियांच्या एकटेपणाचा, गेल्या वर्षीचा प्रबंध काढला. चौदावी मुलाखत उघडली आणि मोठ्याने वाचू लागले.

"माझं शिवणकामाचं दुकान होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा बंद केलं, ते कायमचंच. नवरा स्वभावाने चांगला आहे. ग्रंथालयात लोकांना हवं ते पान शोधून देतो. पण या अकरा वर्षांत मला काय हवंय, हे त्याने एकदाही विचारलं नाही. कॉटखाली माझी निळी बॅग भरलेली असते. त्याला वाटतं, त्यात जुने कपडे आहेत."

काकांचं बोट 'निळी बॅग' या शब्दांवर थांबलं. कालच केर काढताना ती बॅग त्यांनी पायाने आत सरकवली होती.

मुलगी भराभर लिहून घेत होती. तिने मान वर केली. "पुढे काय केलं असेल हो या बाईंनी? गेल्या असतील निघून?"

 

"नाही गं," काकांच्या तोंडून निघून गेलं, "आज सकाळीच डबा भरून दिलाय तिने मला."