दारू सोडवायची गोळी
माझी थोरली जाऊ मालुबाई, आमची आक्का, हल्ली दार लावून औषध घेती. दहा वर्सं अंग ठणकतंय म्हणून अंथरूण धरलेली बाई. तिची वेणीसुद्धा मीच घातली, मग माझ्यापासून लपवायचं काय? परवा तिच्या उशाखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं आणि मी ओळखलं. दारू सोडवायची गोळी! आमच्या मालकांना हीच वर्सभर आख्खी चारली होती. दारू सुटली न्हाय, माणूस गेला. मी गल्लीभर सांगून आले, आक्का चोरून पितीया. संध्याकाळी तिची लेक रचना माझ्यावर तणतणली, "काकू, गोळी तीच, पण बेळगावच्या डॉक्टरनं अंगदुखीवर दिलीय ती. एक गोळी बाटलीभर पाण्यात विरघळवायची आणि त्यातलं रोज सिरिंजनं मोजून इवलंसं घ्यायचं. लोक असंच बोलतील म्हणून आई लपवत होती." म्हणजे माझ्या नवऱ्याला आख्खी पुरली न्हाय, आणि हिला इवलीशी पुरली. आज गौर आली. सुपातली गौर घरात घ्यायचा मान थोरल्या सुनेचा, पण घरात दुसरी सून न्हाय म्हणून, नवरा गेला तरी दहा वर्सं ते सूप माझ्याच हातात. यंदा आक्का नवं लुगडं नेसून, काठी न घेता पायरी उतरून आली. "दे गं इकडं, आता मला जमतंय." सगळ्या बायका बघत होत्या. मी सूप दिलं, तिच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "आक्का, बरी झालीस, चांगलं झालं. पण आजारी हुतीस तवा मला लई आवडायचीस."