एकवीस किलो

"ही ट्रेडमिल नको. हिच्यावर लिहिलंय, शंभर किलोपर्यंतच," ओडवारने पुठ्ठ्यावरची पाटी मोठ्याने वाचली. "देवमासा चढला की मोटर बसलीच म्हणून समज."

दुकानातली विक्रेती कसंनुसं हसली. तोरुनही हसली. ती एकशे तीन किलोंची होती, आणि सात वर्षांची असल्यापासून हा थोरला भाऊ तिला देवमासाच म्हणत आला होता.

जानेवारीतला शनिवार होता. नॉर्वेतल्या बर्गन शहराचे चढउतार गोठून काचेसारखे झाले होते. ओडवारच्या दोन्ही मूत्रपिंडांनी वर्षापूर्वी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत काढायचा. तोरुनचं रक्त त्याच्याशी जुळलं होतं, सगळं जुळलं होतं. फक्त डॉक्टर हेल्लांनी सांगितलं होतं, "एकवीस किलो उतरवा. त्याआधी तुमच्यावर सुरी चालवणं मला मान्य नाही."

तिच्या गुडघ्यांना बाहेरचे उतार झेपत नव्हते. म्हणून ट्रेडमिल. आणि घर एका खोलीचं, म्हणून दुमडणारी.

"ही बघा," विक्रेती म्हणाली. "एकशे वीस किलोपर्यंत चालते. दुमडून भिंतीला उभी करता येते, खाली चाकं आहेत. साडेचार हजार क्रोनर."

"आणि ती पलीकडची?"

"तिला चढ देता येतो, वेगही जास्त. पण दुप्पट किंमत आहे."

"मला धावायचं नाहीये," तोरुन म्हणाली. "रोज चालायचंय. आवाज किती होतो? खालच्या मजल्यावर म्हातारी राहते."

"खाली रबरी चटई घाला. फार नाही होत."

तोरुनने कोट काढून ओडवारच्या हातात दिला आणि ती पट्ट्यावर चढली. दांडी धरून चांगली दहा मिनिटं चालली. पट्टा पुरेसा रुंद होता, पाय कडेला लागत नव्हते. ओडवार शेजारच्या बाकावर बसून धापा टाकत होता. नुसतं दुकानात फिरूनही तो दमला होता.

"हीच," ती उतरत म्हणाली.

त्याने पाकीट काढलं.

"राहू दे. ही माझी मी घेणार."

"अगं, माझ्यासाठी करतेयस—"

"म्हणूनच," तोरुन म्हणाली.

ती फेरीबोटीवरच्या उपाहारगृहात कामाला होती. पहाटे कामावर जाण्याआधी चाळीस मिनिटं, आल्यावर चाळीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात पायांची नखं काळी पडली. मग तिने दालचिनीचे पाव सोडले, तपकिरी चीज सोडलं. बोटीवर दिवसभर लोकांना सॉसेज वाढायची आणि स्वतः उकडलेला मासा खायची.

मार्चमध्ये त्यांचा चुलतभाऊ ब्यार्ते तिच्याकडे आला. "माझंही रक्त जुळतं म्हणे," तो म्हणाला. "तुला जमत नसेल तर मी देतो. ओडवारला इतकं थांबवायचं कशाला?"

"तुझी मुलं लहान आहेत," तोरुनने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "मी आहे ना. आठ किलो उतरलेसुद्धा."

ब्यार्ते तिला मिठी मारून गेला. उन्हाळ्यात त्याला मधुमेह निघाला, आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

सतरा मेला, राष्ट्रीय दिनाला, सगळे ओडवारकडे जेवायला जमले. त्याचा चेहरा मातकट झाला होता, पण गोष्टी सांगायची हौस गेली नव्हती. दरवर्षीची गोष्ट त्याने याही वर्षी काढली. तोरुन एकोणीस वर्षांची असताना त्याने आणि दोन मित्रांनी तिला धक्क्यावर उचलून मासे तोलायच्या काट्यावर बसवलं होतं. आकडा खडूने फळ्यावर लिहिला होता. आणि त्याच वेळी स्वेरेची होडी धक्क्याला लागत होती.

"ही रोज त्याच्या होडीची वाट बघायची!" ओडवारने डोळे पुसले. "त्यानंतर तो परत फिरकलाच नाही!"

टेबल हसण्याने दणाणलं.

"पुरे की आता," त्याची बायको गेर्द म्हणाली. "ती तुझा जीव वाचवतेय."

"म्हणून तर सांगतोय! आता बघा कशी झालीय. खरं तर माझे आभार मानायला हवेत हिने."

"बटाटे कोणाला हवेत?" तोरुनने विचारलं.

ऑगस्टमध्ये ओडवारला दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं. गेर्द फोनवर रडायची. "किती राहिलेत गं?"

"चार. धीर धर. मी थांबलेली नाही."

ती खरंच थांबली नाही. ताप असतानाही चालली. ऑक्टोबरमध्ये डॉक्टर हेल्लांच्या काट्याने ब्याऐंशी दाखवले. मग हृदय, फुप्फुसं, रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या झाल्या. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. गेर्दने केक केला. ओडवारने तोरुनचा हात धरला आणि पहिल्यांदाच नुसतं "तोरुन" म्हणाला.

शेवटच्या भेटीला डॉक्टर हेल्लांनी तिला एकटीला आत घेतलं. ओडवार आणि गेर्द बाहेर बाकावर बसले.

"हे प्रत्येकाला विचारावंच लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? अजूनही नाही म्हणता येतं. त्यांच्यासाठी दुसरं मूत्रपिंड आता वेळेत मिळेल असं मला वाटत नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण निर्णय तुमचाच. मन बदललं असेल तर आम्ही कुटुंबाला फक्त एवढंच सांगतो की, तपासणीत तुम्ही अयोग्य ठरलात. खरं कारण कोणालाही कळत नाही."

"म्हणजे ज्यांना द्यायचं नसतं, त्यांना तुम्ही असं वाचवता?"

"हो."

"माझ्या तपासण्यांत काही खोट निघाली का?"

"काहीच नाही. तुमच्यासारखी तयारी करून आलेलं माणूस मी क्वचित पाहिलंय."

तोरुनने कोटाची बटणं लावली आणि उठून दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"मग तसंच लिहून द्या," ती म्हणाली. "मी पूर्ण योग्य आहे, असं. आणि 'नाही' मी स्वतः म्हणतेय, हे ओडवारला कळायला हवं."