श्रीची वेलांटी

“काका, या वर्षी अक्षरं मला नाही जमणार.”

मेसेज दुपारीच टाइप करून झाला होता. पाठवायला मात्र श्रुतिकाचा जीव होत नव्हता. भांडुपच्या त्यांच्या गणपती मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष. बॅनरपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे मंडळाचं नाव तिनेच काढलेल्या अक्षरांत जायचं, आणि मंडळाच्या काशीरामकाकांना आज रात्रीच्या मीटिंगच्या आत हो की नाही ते हवं होतं. पण स्कूटर घसरली आणि उजव्या मनगटाची पार वाट लागली. प्लास्टर निघालं, तरी माऊस जरा वेळ धरला की बोटांना मुंग्या. फॉन्ट काय, कोणीही टाकेल. हाताने काढलेलं अक्षर कोण देणार? तिला रडूच यायचं बाकी होतं.

शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ हर्षद एका नव्याकोऱ्या माऊसवर तुटून पडला होता. गेमिंगचं सामान पारखून दाखवायचं त्याचं यूट्यूब चॅनेल होतं. स्क्रीनवर शत्रू धडाधड आडवे होत होते आणि स्टँडला लावलेल्या मोबाइलकडे बघत याची बडबड अखंड चालू.

“वजन म्हणाल तर रिकामी काडेपेटी! एवढा गरागरा फिरवला, कुठे अडखळला? नाव नको! आणि क्लिकचा आवाज ऐका... आहाहा. गेमिंगसाठी एकदम झकास.” त्याने व्हिडिओ थांबवला. “ताई, कंपनी म्हणते डिझाइनलाही चालतो. ते मला काय कळतंय? तू सांग.”

“माझा हात दिसतोय ना तुला?”

“उजवा दिसतोय. डाव्याला काय धाड भरलीय?” त्याने माऊस उलटसुलट करून दाखवला. “बाकीचे सगळे एका बाजूला फुगलेले असतात, उजव्या हातासाठी. हा बघ, दोन्हीकडून सारखा. बटणंपण दोन्हीकडे. आणि तू मुळात डावखुरीच ना गं? आईने सवय मोडली.”

“हळू बोल, ऐकेल ती.”

आई आत देव्हाऱ्यापुढे वात सारखी करत होती. वनमालाबाईंच्या राज्यात डाव्या हाताने जेवायचं नाही, द्यायचं नाही, घ्यायचं तर मुळीच नाही. लहानपणी पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात दिसली, की पाठीत रट्टा ठरलेला. कोकणातून मुंबईत येऊन तिला चाळीस वर्षं झाली असतील, पण हा नेम काही बदलला नाही.

हर्षदने गेम बंद करून तिच्या डिझाइनचं कोरं पान उघडलं, सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल केली आणि माऊस तिच्या डाव्या बाजूला सरकवला. नवं पेन हातात आलं की पहिलं काय लिहायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. श्रुतिकाच्या हाताने आपसूक श्री काढायला घेतलं.

पहिल्याच फटक्यात रेघ स्क्रीनच्या कडेला जाऊन आपटली.

“जिलबी पाडलीस की!” हर्षद खिदळला. “थांब, गेमचा स्पीड आहे तो.” त्याने माऊसच्या पोटाखालचं बटण दाबलं. “आता मार.”

आणि माऊस एकदम सालस झाला. मघाशी शत्रूंच्या अंगावर धावून जाणारा हाच का तो, असं वाटावं. हात जेवढा सरकेल तेवढीच रेघ, तसूभर जास्त नाही. श ची गाठ वळली. दंड उतरला. हात बुजत होता, पण माऊस बुजत नव्हता. श्रुतिकाला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. कात्रीपासून कॉलेजच्या बाकापर्यंत सगळं जग उजव्यांचं. हात कुठला हे न विचारणारा हा पहिलाच भेटला.

राहिली वेलांटी. अक्षर काढणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच. एका दमात यावी लागते, मध्ये थांबलं की गचका दिसतो. तिने श्वास धरला. डावा हात खांद्यापासून फिरला. रेघ वर गेली, झोकात वळली आणि दंडावर अलगद येऊन टेकली.

“आईशप्पथ!” हर्षद ओरडला.

श्रुतिकाने मोबाइल उचलला. मेसेजमधला ‘नाही’ तेवढा पुसून टाकला. आता पाठवायचा, एवढंच उरलं होतं.

“काय ता?”

मागे आई उभी होती, हातात साखरेची वाटी. दिवा लावला की प्रसाद वाटायचा, हा तिचा रोजचा शिरस्ता. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माऊसवरच्या हाताकडे. श्रुतिकाने हात झटकन मांडीवर घेतला.

“डाव्या हातान लिवलंस?” आईचा आवाज चढला. “आता बाप्पाचा नावपण असाच लिवतलंस?”

हर्षद उगाच माऊसची वायर सरळ करत बसला. आईने चष्मा सावरला आणि ती स्क्रीनवर वाकली. काचेला न टेकवता तिचं बोट वेलांटीवरून हळूहळू फिरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“पयल्यासारखीच इली गो,” ती पुटपुटली.

मग तिने वाटीतली साखर चिमटीत घेतली. श्रुतिकाने सवयीने उजवा हात पुढे केला.

“तो नको,” आई म्हणाली. “लिवलंस तो हात फुडे कर.”