पिक्चरमधली चूक

“आधी चांगलं सांग, मग वाईट,” उन्नती म्हणाली आणि फोन तांब्याला टेकवून बाबासमोर उभा केला. जेवण झाल्यावर दोघांनी टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीचा पिक्चर पाहिला होता. अशा पिक्चरवर बोलून ती व्हिडिओ टाकायची. आज तिनं बाबाला, केसरीनाथलाच बसवलं. भिवंडीजवळ काल्हेरच्या गोदामांसाठी तीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूस, गाडीचं तरी बोलेल. आई गेल्यापासून तीन महिने त्याचं बोलणं ‘हो’ आणि ‘नको’वर आलं होतं.

केसरीनाथनं घसा साफ केला. “चांगलं म्हणजे, वळणाच्या आधी ब्रेक मारतो तो. वळणात न्हाय. कुणीतरी जाणता माणूस बसवलाय गाडीत.”

“आणि वाईट?”

“एका शर्यतीत अकरा वेळा गियर टाकला त्यानं. दर वेळी वरचाच. एवढे गियर ठेवलेत कुठं, खिशात?”

उन्नती खदखदून हसली. तो जरा सरसावून बसला.

“आणि रस्ता बघ. कंटेनर न्हाय, म्हैस न्हाय, उलटी येणारी रिक्षा न्हाय. असा रस्ता भिवंडीत दाखव, मी पण उडवतो टेम्पो.”

“मस्त, बाबा! अजून?”

“तो मोटारसायकलचा सीन. मागं बसलेली बायको पडते आणि तो तिथल्या तिथं गाडी वळवतो. ते खोटं हाय.”

“खोटं कसं?”

“पुढच्याला एवढ्या लवकर कळत न्हाय.”

उन्नतीचं हसू गेलं. आई अंजूर फाट्याजवळच्या खड्ड्यांत स्कूटरवरून पडली होती. स्कूटर बाबा चालवत होता. ‘पडली तसा मी थांबलो,’ असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. दहाव्याला मामा बाबाबद्दल नको ते बोलला, तेव्हा उन्नतीनंही त्याला हेच ठणकावून सांगितलं होतं.

तिनं फोन बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” तो म्हणाला. “परत बोलता येणार न्हाय मला.”

“तू लगेच थांबला होतास ना?”

“पेट्रोल पंपापर्यंत गेलो. अर्धा किलोमीटर. तिच्याशी बोलत.”

उन्नतीचा आवाज चढला. “टेम्पोत मागं कापडाचा एक ताका सरकला तरी तुला कळतं. आणि आई पडलेली कळली नाही?”

केसरीनाथ फोनकडेच बघत होता. त्यानं दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले.

“कळलं ना, बाय. गाडी हलकी झाली. मला वाटलं, खड्डे संपले.”