सोंगटीचं झाकण

बारावी सोंगटी डब्यात ठेवताना तिच्या तळाचं झाकण संशोधिकेच्या हातातच आलं. आतले दोन्ही चुंबक नव्हते.

तिने सोंगटी उलटी करून टेबलावर आपटली. काही पडलं नाही. मग ती गुडघ्यांवर बसली आणि लोखंडी पट्टीने प्रयोगशाळेची फरशी पिंजून काढली. पट्टीला एक टाचणी चिकटली, स्टेपलरच्या दोन पिना चिकटल्या. मसुराच्या दाण्याएवढे ते चुंबक कुठेच नव्हते.

"कपाटाखाली गेले असतील," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "उद्या पाहुणे यायचेत. दुसरे बसव."

"सर, दिवसभर सहा मुलं खेळत होती यांच्याशी. सगळी आठ वर्षांच्या आतली."

"म्हणून काय गिळले असतील? उगाच पराचा कावळा करू नकोस."

तिने झाकण बोटांत फिरवलं. झाकणाला दोन स्क्रू लागायचे. ते काल आलेच नाहीत, म्हणून तिने झाकण डिंकाने चिकटवलं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणून. सरांना हे माहीत नव्हतं.

शेजारच्या खोलीत मुलांचा गलका चालला होता. शाळेची बस साडेचारला येणार होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"एकच गेला असता तर मीही एवढी घाबरले नसते," ती म्हणाली. "एकटा बहुतेक आपोआप बाहेर पडतो. दोन वेगवेगळ्या वेळी गेले, तर आत एकमेकांना ओढतात. मध्ये आतडं सापडलं की चिमटा बसतो. भोक पडतं, सर."

"आणि कुणीच गिळला नसेल तर? मुलांच्या बाईंना सांगितलंस की शाळा हात वर करणार. परवानगी गेली. तीन वर्षांचं काम पाण्यात."

तेही खरं होतं.  तरी तिने दार उघडलं, मुलांच्या बाईंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. डिंकाचंही.

 बाईंनी आवाज चढवला नाही.

"'कुणी घेतलं' असं विचारू नका," त्या म्हणाल्या. "सकाळी सरांनी दम दिलाय, मोडतोड केली तर घरी पाठवीन म्हणून. आता जीव गेला तरी कुणी बोलणार नाही."

संशोधिकेने टेबलावरचा कागद काढला आणि जमिनीवर अंथरला. चादरीएवढा, पांढरा. सोंगटी त्यावरून फिरली की तिच्या तळातले चुंबक कागदाला कळत आणि तिथे रंग उमटे. आतून उजेड नाही, काही नाही. छापल्यासारखा रंग, वीज काढली तरी तसाच राहणारा. फक्त लांबचा चुंबक कागदाला कळत नसे. सोंगटी बोटभर वर धरली तरी तो कोराच राही. कितीतरी महिने ते सगळे तिथेच अडले होते. तिने कागदाची संवेदनशीलता वाढवायचं बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं.

"नवा खेळ!" ती मुलांना म्हणाली. "बूट काढा, पट्टे काढा. एकेकाने कागदावर पालथं पडायचं आणि श्वास रोखून पाच मोजायचे."

"ताई, मी पहिला!"

पहिला उठला. कागद कोरा. दुसरी उठली, कोरा. "आऊट! आऊट!" मुलं ओरडत होती. तिसऱ्याला हसू आवरेना, त्याला दोनदा झोपावं लागलं. चौथी, पाचवा. कागद पांढराशुभ्र. दारात उभ्या असलेल्या सरांनी तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. बघ, सांगत होतो ना.

एक जण उरली होती. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिने अजून बूट काढले नव्हते.

"मला नाही खेळायचं."

"मुंगी झोपली तर कागदाला कळणार पण नाही!" कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. तिच्या बुटांचे बंद त्यांनी स्वतः सोडले. "मी आहे ना इथे. माझा हात धर. कुणी ओरडणार नाही."

मुंगी हात धरूनच पालथी झाली. बाईंनीच आकडे मोजले. पाच झाले.

"ऊठ, राणी."

ती उठली. कोऱ्या कागदावर दोन तांबडे ठिपके होते. चार बोटांच्या अंतरावर.

"उमटलं!" सर ओरडले.

पुढच्याच क्षणी त्यांचा हात तोंडावर गेला. पण मुलांनी ऐकलं होतं. मुलं टाळ्या पिटू लागली. "मुंगी जिंकली! मुंगी जिंकली!"

मुंगीने ठिपक्यांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. दिवसभरात पहिल्यांदाच ती हसली. बाईंच्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली, "एक सकाळी गेला. एक डबा खाल्ल्यावर. जिभेवर ठेवला की गार लागतो."

"सर, गाडी," संशोधिका म्हणाली. सर खिसे चाचपत होते; चावी हातातच होती.

"आता काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही," असं सांगत तिने मुंगीला उचललं. मुंगीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि खांद्यावरून मागे पाहिलं. बाकीची पाचही मुलं कागदाच्या कडेला पुन्हा रांगेत उभी राहिली होती, ढकलाढकली करत.

"ताई, थांब ना," पहिला म्हणत होता. "माझे पण उमटव."